रक्तपिपासू कोण?

रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला की आमच्या धर्मग्रामातील मुले मला गराडा घालतात आणि पुस्तकाबाहेरच्या शंका विचारतात. त्यांतील एक शंका अलीकडे वारंवार कानी येते : "फादर, माणसाचे रक्त पिणारी भुते खरेच असतात काय?" ही भुते मुलांनी चित्रपटांत आणि मोबाईलच्या पडद्यावर पाहिलेली असतात. काळा झगा, पांढराफटक चेहरा, ओठांबाहेर डोकावणारे दोन सुळे आणि क्रूस दिसताच मागे सरणारा तो उमराव त्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. वडील मंडळी हे ऐकून हसतात आणि विषय संपला असे समजतात.

वाचकहो, मला मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटत नाही. रक्त पिणाऱ्या भुताच्या कल्पनेने युरोपात मेलेल्यांच्या कबरी उकरायला लावल्या. आपल्या देशात तीच कल्पना जिवंत बायकांच्या जिवावर उठली, आणि अजूनही उठते. मी ज्या गोत्रीत बसून हे लिहीत आहे तेथून एस.टी.ने तीन-चार तासांच्या वाटेवर आजही अशी गावे आहेत, की जेथे मूल दगावले तर आधी वैद्याला नव्हे, तर भूत काढणाऱ्याला विचारतात, "कोणी खाल्ले?" या एका प्रश्नाविषयी आज थोडे बोलावे असे मनात आहे.

प्रथम आपल्या घरची भुते पाहू. त्या सुळेवाल्या उमरावाला ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाने १८९७ साली आपल्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतून जगभर पोहोचविले. त्याला मराठीत नेमके नाव नाही, आणि त्याचे कारण असे की तो आपल्याकडचा नव्हेच. आपल्याकडे मुंज झालेला पण लग्नाआधी वारलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. वासना अपुरी राहिलेला समंध होतो. रानात वाट चुकविणारा तो चकवा. कोकणात आणि गोव्यात देवचार. या साऱ्यांना काहीतरी हवे असते, कोणाला मान, कोणाला नैवेद्य, कोणाला अपुरी राहिलेली इच्छा. रक्तावर जगणारे त्यांत क्वचितच. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला, त्यातील वेताळ प्रेतात शिरून शिंशपेच्या झाडाला उलटा लटकतो खरा. पण तो राजा विक्रमाचे रक्त पीत नाही. तो त्याला कोडी घालतो आणि न्यायाचे प्रश्न विचारतो. गोव्यात व तळकोकणात तर वेताळ म्हणजे गावाचा राखणदार. रात्री सीमेवर फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून भक्त त्याला नव्या वहाणा वाहतात. रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवाशाने १८७० साली या कथा इंग्रजीत सांगताना वेताळाला 'व्हॅम्पायर' म्हटले, आणि तेव्हापासून बिचाऱ्या वेताळाच्या नावावर परक्याचे पाप चिकटले.

तर मग आपल्याकडे रक्त पिणारी, काळीज खाणारी म्हणून कोणाला भितात? डाकिणीला. गुजरातीत तिला 'डाकण' म्हणतात. आणि येथेच युरोपच्या आणि आपल्या समजुतीत एक भयंकर भेद आहे. युरोपचा रक्तपिपासू हा मेलेला माणूस असे. आपली डाकीण ही जिवंत स्त्री असते. तिचे घर असते, चूल असते, नाव असते.

आधी युरोपचे पाहू, कारण तेथील प्रकरण लेखी नोंदले गेले आहे. आजच्या सर्बियाचा काही भाग त्या काळी ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. तेथील एका गावी १७२५ साली आणि मेद्वेजा नावाच्या दुसऱ्या गावी १७३१-३२ च्या हिवाळ्यात थोड्याच दिवसांत माणसे एकामागून एक मरू लागली. गावकऱ्यांनी ठरविले की पूर्वी वारलेले लोक रात्री कबरीतून उठून नातलगांचे रक्त पितात. मेद्वेजाला लष्करी शल्यवैद्य योहान फ्ल्यूकिंगर याला चौकशीसाठी धाडण्यात आले. कबरी उघडल्या तेव्हा काही प्रेते फुगलेली, लालसर आणि तोंडाशी रक्त असलेली आढळली. त्याने जे पाहिले ते १७३२ च्या जानेवारीत लिहून दिले, आणि त्या अहवालाने सारे युरोप हादरले.

आज आपण जाणतो की त्यात नवल काही नव्हते. प्रेत कुजताना पोटात वायू साठतो, त्यामुळे ते फुगते आणि धष्टपुष्ट दिसते. त्या दाबाने आतील काळसर द्रव तोंडावाटे व नाकावाटे बाहेर येतो. तो ताज्या रक्तासारखा भासतो. कातडी आक्रसल्याने नखे व केस वाढल्यासारखे वाटतात. थंड जमिनीत ही सारी क्रिया मंदावते, म्हणून महिन्या-दोन महिन्यांचे प्रेतही ताजे दिसते. गावकरी खोटे बोलत नव्हते. त्यांनी पाहिले ते खरे होते. लावलेला अर्थ मात्र चुकीचा होता.

त्या वादात ख्रिस्तसभेतील विद्वानही पडले. ऑगुस्तीन काल्मे या बेनेडिक्टाइन मठवासीयाने १७४६ साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहून सगळ्या हकिकती गोळा केल्या. दक्षिण इटलीतील त्रानीचे आर्चबिशप दावान्झाती यांनी आपल्या प्रबंधात एक मार्मिक शंका काढली : ही भुते नेहमी गरीब, अडाणी खेडुतांनाच कशी भेटतात, पंडितांना आणि सरदारांना का भेटत नाहीत? पोप चौदावे बेनेडिक्ट यांनीही या गोष्टी भय आणि कल्पनेच्या पोटी जन्मतात, असाच निर्वाळा दिला. पुढे १७५५ साली मोराव्हियाच्या बाजूस एका मृत स्त्रीचे प्रेत उकरून जाळल्याची वार्ता व्हिएन्नाला पोहोचली, तेव्हा सम्राज्ञी मारिया तेरेझा हिने आपले राजवैद्य गेरार्ड फान स्वीटन यांचा अहवाल मागविला आणि सरकारच्या परवानगीवाचून कबरी उघडण्यास व प्रेते जाळण्यास मनाई केली.

तरीही ही समजूत मेली नाही. तिची शेवटची मोठी नोंद अमेरिकेतील आहे, आणि ती वाचताना मला गोत्रीची आठवण होते. ऱ्होड आयलंड प्रांतातील एक्झिटर गावी जॉर्ज ब्राउन नावाचा शेतकरी होता. १८८३ च्या डिसेंबरात त्याची पत्नी वारली. पाठोपाठ थोरली मुलगी गेली. काही वर्षांनी मुलगा एडविन खंगू लागला. त्यातच १८९२ च्या जानेवारीत एकोणीस वर्षांची दुसरी मुलगी मर्सी मरण पावली. शेजारी म्हणू लागले की या तीन मेलेल्यांपैकी कोणीतरी एडविनचे रक्त शोषीत आहे. बापाचा त्यावर विश्वास नव्हता. पण शेजाऱ्यांचा आग्रह मोडवेना. १७ मार्च १८९२ रोजी तिघींच्या शवपेट्या उघडण्यात आल्या. दोघींचे सांगाडेच उरले होते. मर्सीचे शरीर मात्र दोन महिने ऐन हिवाळ्यात जमिनीवरील दगडी कोठडीत ठेवलेले होते, ते अर्थातच टिकून होते. हृदयात रक्त सापडले. तेथे हजर असलेल्या डॉक्टरने सांगितले की यात अनैसर्गिक काही नाही, तिच्या फुप्फुसांत क्षयाची खूण आहे. कोणी ऐकले नाही. हृदय जाळले, त्याची राख पाण्यात कालवून आजारी भावाला पाजली. दोन महिन्यांच्या आत तोही गेला.

घराण्याच्या घराणे गिळणारा तो रक्तपिपासू म्हणजे क्षयरोग. एका छपराखाली राहणाऱ्यांना एकामागून एक लागतो. माणूस फिकट होतो, झिजतो, खोकताना ओठांवर रक्त येते. जो आधी मेला तो मागे राहिलेल्यांना ओढून नेत आहे, असे भासावे अशीच त्या रोगाची चाल आहे. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू सापडल्याचे २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केले होते. म्हणजे मर्सीची शवपेटी उघडली तेव्हा खरा रक्तपिपासू दहा वर्षांपूर्वीच ओळखला गेला होता. ती ओळख एक्झिटरच्या त्या शेतावर कोणाच्या मनात उतरली नव्हती, इतकेच.

जुन्या पिढीतील बडोदेकरांना गोत्री म्हटले की क्षयाचे इस्पितळ आठवते. शहराबाहेरचे ते आवार, त्या बाजूने जाताना नाकाला पदर लावणाऱ्या बाया, हे सारे ते सांगतात. आता गोत्री शहरात मिसळून गेली आहे, आणि २०११ पासून येथे वैद्यकीय महाविद्यालय व मोठे सरकारी रुग्णालय आहे. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आजही आपल्या देशात आहेत. परंतु सहा महिन्यांच्या औषधाने बहुतेक रोगी बरे होतात, औषध सरकारकडून फुकट मिळते, आणि नोव्हेंबर २०२४ पासून सकस आहारासाठी दरमहा १००० रुपये रोग्याच्या खात्यात जमा करण्याची तरतूद आहे. औषधाच्या पुड्यांनी जे साधले ते राखेने साधले नव्हते.

आता आपल्या डाकिणीकडे वळू. दाहोद, पंचमहाल, छोटाउदेपूर हे गुजरातचे पूर्वेकडील जिल्हे आणि महाराष्ट्रातील नंदुरबारचा सातपुड्याचा भाग, या डोंगरपट्टीत भिल्ल, राठवा, पावरा आदी आदिवासी बांधव राहतात. पावसाळ्यानंतर शेतीचे काम सरले की त्यांतील पुष्कळ कुटुंबे मजुरीसाठी बडोद्यास येतात. गोत्रीत उठणाऱ्या नव्या इमारतींच्या पायथ्याशी पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या झोपड्यांत त्यांचा संसार असतो. चर्चच्या आवारातील नळावर पाणी भरावयास येणाऱ्या त्यांच्या बायांशी माझी ओळख अशीच झाली.

त्यांत साठीच्या घरातील एक विधवा होती. सगळे तिला माजी म्हणत, मीही म्हणे. इतर कुटुंबे होळीला गावी जात. ही एकटी झोपडी राखीत बसे. मी एकदा विचारले, "माजी, सणाला तरी घरी जात नाही?" तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "घर आहे, फादर. पण त्या गावात मी बाई राहिले नाही. डाकण झाले."

तिच्या सांगण्यातील हकिकत अशी. तिच्या दिराच्या मुलाला पहिला मुलगा झाला. त्याला न्हाऊ घालण्याचे काम तिचेच. मूल गुटगुटीत, सगळ्यांच्या दृष्टीत भरणारे. सात-आठ महिन्यांचे झाले आणि एके दिवशी त्याचे हात-पाय सुजले. मग डोळे पिवळे, कातडी पांढरी, पोट फुगलेले. चार वर्षे ते असे कधी बरे, कधी आजारी राहिले आणि गेले. घरच्यांनी बडव्याकडे, म्हणजे त्यांच्या भगताकडे, दाणे जोवडावले. त्याने धान्याचे दाणे टाकून पाहिले आणि म्हणाला, घरातल्याच बाईने काळीज खाल्ले. पुढचे सांगावे लागले नाही.

"मला कोणी मारले नाही हं," ती मला समजावीत होती, जणू गावाची बाजू तिनेच मांडावयाची. "फक्त मी गेले की बाया विहिरीवरून निघून जात. पोरांना माझ्या सावलीतून ओढून घेत. चुलीसाठी विस्तव मागितला तर कोणी देईना. मग एक दिवस दीर म्हणाला, तू जा, नाहीतर पोरे तुला जाळतील." तिच्या नवऱ्याच्या वाट्याची दोन बिघे जमीन होती. त्या पावसाळ्यात ती दिराने पेरली.

वाचकहो, त्या बाळाचे काय झाले असावे हे वैद्यकशास्त्र जाणणाऱ्याला ओळखणे कठीण नाही. या डोंगरपट्टीत सिकल सेल नावाचा रक्ताचा आनुवंशिक विकार पुष्कळ आढळतो. निरोगी माणसाची तांबडी पेशी गोल असते आणि सुमारे १२० दिवस जगते. या विकारात ती विळ्यासारखी वाकडी होते आणि दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणजे शरीर रक्त बनवीत राहते आणि रक्त आतल्या आत नाहीसे होत जाते. कोणी पीत आहे असेच वाटावे! आणि यातील सर्वांत फसवी गोष्ट ही, की मूल जन्मतः निरोगी दिसते. आईच्या पोटातील अर्भकाचे रक्तद्रव्य वेगळ्या प्रकारचे असते, ते पहिले काही महिने बाळाचे रक्षण करते. सहा महिन्यांच्या सुमारास ते ओसरले की दुखणे डोके वर काढते. हाता-पायांची सूज हे पुष्कळदा त्याचे पहिले चिन्ह असते. गुटगुटीत मूल एकाएकी खंगू लागले म्हणजे आईबापाने काय समजावे? कालपर्यंत कोणी कौतुक केले होते, कोणी न्हाऊ घातले होते, ते आठवतात. आणि ज्या हातांनी बाळाला माया दिली तेच हात संशयाचे होतात.

आईबाप दोघेही या विकाराचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणी मुलाला पूर्ण विकार होण्याचा संभव चारात एक असतो. तेव्हा एकाच घरात दुसरे मूलही त्याच वाटेने जाऊ शकते. माजीच्या घरी तसेच झाले. दोन वर्षांनी तिचा पुतण्या आपल्या बायकोला आणि दुसऱ्या मुलाला घेऊन मजुरीला बडोद्यास आला, आणि मुकादमाने त्यांना नेमके त्याच बांधकामावर आणून सोडले. मुलाचे हात सुजले होते. सून त्या म्हातारीला पाहून मुलाला पदराखाली झाकू लागली. माजी जवळ गेली नाही. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "फादर, माझ्या हातचे ते ऐकणार नाहीत. तुम्ही सांगा. पोराला इस्पितळात न्या."

रक्त तपासले. सिकल सेलच निघाला. मुलाला औषध सुरू झाले, आणि आज ते मूल शाळेत जाण्याच्या वयाचे आहे. पुतण्याने आईबापांच्या रक्ताचे कागद हाती घेतले तेव्हा डॉक्टरांनी त्याला सोप्या शब्दांत समजाविले : हे तुमच्या दोघांच्या रक्तातून आले, कोणी दिलेले नाही, कोणी खाल्लेले नाही. तो बराच वेळ बसून राहिला. त्या रात्री त्याने माजीच्या हातचा रोटला खाल्ला. होळीला गावी जाऊन त्याने कागद दाखविला. बडवा म्हणाला, "कागद शहराचा आहे." दीर काहीच बोलला नाही. मात्र त्या वर्षी माजीच्या दोन बिघ्यांतील मक्याचे एक पोते एस.टी.च्या टपावरून तिच्या झोपडीत आले. जमीन अजून आली नाही. ती गावी परतलेली नाही.

मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. डाकीण म्हणून जिचे नाव निघते ती कोण असते? श्रीमंताची तरणीताठी सून क्वचितच असते. जिच्या पाठीशी मुलगा नाही अशी विधवा, एकटी राहणारी, थोडी जमीन नावावर असलेली, किंवा तोंडाने जरा फटकळ, अशी बाई असते. आर्चबिशप दावान्झाती यांची शंका येथे नव्या रूपाने उभी राहते : हे भूत नेहमी निराधार बाईच्याच अंगात कसे सापडते? दुःख खरे असते, मूल खरोखर गेलेले असते. त्या दुःखाला कोणीतरी गुन्हेगार हवा असतो, आणि लोभ तो गुन्हेगार पुरवितो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांप्रमाणे देशात जादूटोण्याच्या कारणावरून २०२१ साली ६८ आणि २०२२ साली ८५ माणसे मारली गेली. माजीसारखी, जिला कोणी मारले नाही, ती या आकड्यांत कोठेच नाही.

ख्रिस्ती वाचकाला येथे आपला इतिहासही आठवावा लागेल, कारण तो निर्मळ नाही. इ. स. ७८५ च्या सुमारास सम्राट शार्लमेन याने सॅक्सन लोकांसाठी कायदा केला. तो कायदा इतर बाबतींत फार निर्दय होता; पण त्यात एक कलम असे होते की, अमुक बाई चेटकीण आहे व माणसे खाते असे मानून जो तिला जाळील, त्यालाच मृत्युदंड द्यावा. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वी गुन्हेगार कोण, हे बरोबर ओळखले गेले होते. पुढे मात्र ती ओळख विसरली गेली. हाइनरिख क्रामर या धर्मगुरूने १४८० च्या दशकात चेटकिणी शोधण्याचे पुस्तक लिहिले, आणि पंधराव्या ते अठराव्या शतकापर्यंत कॅथलिक व प्रोटेस्टंट अशा दोन्ही मुलखांत मिळून चाळीस ते पन्नास हजार माणसांचा या आरोपाखाली बळी गेला. त्यांत बहुसंख्य स्त्रिया. त्या काळोखात जर्मनीतील फ्रीडरिख स्पे या येशूसंघीय धर्मगुरूने दंडित स्त्रियांची पापनिवेदने ऐकली, आणि १६३१ साली नाव न घालता ग्रंथ प्रसिद्ध करून सांगितले की या बायांना चेटकीण करतो तो छळ. असा छळ केला तर न्यायाधीशही कबुली देतील. क्रामर आणि स्पे दोघेही पाळकच होते. एकाने पुस्तक उघडून बाईकडे पाहिले, दुसऱ्याने बाईजवळ बसून तिचे ऐकले.

आपल्या देशातील कायद्याची वाटही लांबची आहे. मेवाडच्या राज्याने १८५३ साली डाकण प्रथेवर बंदी घातली. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर अनेक वर्षे जादूटोणाविरोधी कायद्याची मागणी करीत होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी तो कायदा झाला. गुजरात विधानसभेने ऑगस्ट २०२४ मध्ये असाच कायदा मंजूर केला. त्यात सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड सांगितला आहे. भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणे, अमुक व्यक्ती करणी करते असे सांगून तिचे जगणे असह्य करणे, हे आता गुन्हे आहेत. शार्लमेनच्या त्या जुन्या कलमाप्रमाणे येथेही कायद्याचे बोट आरोप करणाऱ्याकडे वळले आहे, याचे मला समाधान वाटते. परंतु विहिरीवरून मुकाट निघून जाणाऱ्या बायांना कोणत्या कलमाखाली धरावे? तेथे कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे शेजाऱ्याचाच पोहोचतो. जॉर्ज ब्राउनचा भुतावर विश्वास नव्हता. त्याच्या बाजूने उभा राहणारा एकही शेजारी त्याला मिळाला नाही.

आता कोणी म्हणेल, फादर, ही रानातल्या लोकांची गोष्ट. आम्ही शिकलेसवरलेले, आमचा याच्याशी काय संबंध? संबंध आपल्या भाषेतच आहे. तरुण नवरा वारला की आपल्याकडे बायकोला काय म्हणतात? "नवऱ्याला खाल्ले." लग्नानंतर सासरा गेला तर सून "पांढऱ्या पायाची". शेजारचे गुजराती कुटुंब म्हणते, "भरखी गई." क्रियापद एकच आहे : खाणे. दाणे टाकणारा बडवा आपल्या दिवाणखान्यात नसतो, पण त्याचा प्रश्न तेथे असतो. अंत्यविधीनंतर सांत्वनासाठी मी घरोघरी जातो, तेव्हा शुद्ध, सुशिक्षित मराठीत हे वाक्य मी ऐकलेले आहे, आणि भिंतीशी बसलेल्या त्या मुलीचा चेहराही पाहिलेला आहे. तिच्याजवळची जागा रिकामी असते, हेही माझ्या ध्यानात आलेले आहे. ती विहीरच म्हणावयाची.

जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने कोणाचेही नाव घेतले नाही. त्याने त्या आंधळ्यासाठी हात मातीत घातले. दुःखाच्या दारात दोषी शोधण्यापेक्षा करण्याजोगे पुष्कळ असते, हे त्या प्रसंगातून मी शिकलो.

म्हणून माझी वाचकांना साधी विनंती आहे. घरी दीर्घ खोकला, ताप, वजन घटणे दिसले तर थुंकीची तपासणी करा. ज्यांच्या कुळात वा प्रांतात सिकल सेल आहे त्यांनी लग्नाआधी रक्त तपासा. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची अशी तपासणी करावयाची ठरले आहे. आपल्या घरी कामाला येणाऱ्या, आपल्या शेजारी घर बांधणाऱ्या आदिवासी बांधवांना हे सांगा आणि लागल्यास बरोबर जा. आणि कोणाच्या घरी मृत्यू झाला, व बायका-पुरुषांत कुजबूज सुरू झाली, तर बाकी काही न सुचले तरी एवढे करा : जिचे नाव कुजबुजले जात आहे तिच्याजवळ जाऊन बसा, आणि तिने दिलेला चहा सगळ्यांच्या देखत प्या.

मुलांनो, तुमच्या शंकेचे उत्तर राहिले. रक्त पिणारी भुते नाहीत. रक्त आटविणारे रोग आहेत. त्यांना औषध आहे. आणि रक्त सांडणारी माणसे आहेत; ती जन्माने तशी नसतात, घाबरली म्हणजे तशी होतात. घाबरलेल्याला खरे कारण सांगणारे कोणी वेळेवर भेटले, तर त्या बाईचे घर वाचते, आणि त्या माणसाचेही हात स्वच्छ राहतात.